गळालेली रेघ: चहाच्या चिनी अक्षराच्या तक्त्याचं काम

६ जानेवारी

काम ठरलं. चिनी लिपीतलं एकच अक्षर, चहाचं, आणि त्याचा ए२ मापाचा (४२० × ५९४ मिमी) मराठी तक्ता. वर मोठं अक्षर, खाली रेघांचा क्रम, उजव्या अंगाला उगम, तळाशी उच्चारांची पट्टी. सगळा मजकूर मिळून चारशे शब्द. त्यापुढे भिंतीवरचं कुणी वाचत नाही.

वहीपुरती एक सोय. ही वही फोनवरही उघडली जाते आणि कितीतरी फोनांवर चिनी अक्षराच्या जागी नुसता चौकोन येतो. म्हणून इथे चिनी अक्षर टंकायचं नाही. आजचं चहाचं अक्षर नऊ रेघांचं, ते ‘नऊरेघी’. ते ज्याच्यापासून निघालं ते दहा रेघांचं, ते ‘दहारेघी’. युनिकोडमधले त्यांचे षोडशमान क्रमांक: नऊरेघी ८३३६, दहारेघी ८३७सी. पुढे जे घोळ होतील ते बहुतेक या दोघांच्या अदलाबदलीतूनच होतील, तेव्हा क्रमांक पहिल्या पानावर हवेत.

७ जानेवारी

नऊरेघीचे अवयव वरून खाली: माथ्यावर गवताचं चिन्ह, तीन रेघांचं (एक आडवी, तिला छेदणाऱ्या दोन उभ्या). मधे उतरत्या छपरासारख्या दोन रेघा, एक डावीकडे, एक उजवीकडे. छपराखाली चार: आडवी, उभी, डावीकडे उतरती छोटी, उजवीकडे टिंब. तीन, दोन आणि चार, नऊ झाल्या. दहारेघीत सगळं हेच, फक्त छपराखाली आडव्या रेघा एकाऐवजी दोन.

आता ती लाडकी व्युत्पत्ती. मधल्या दोन रेघा एकट्या लिहिल्या तर ‘माणूस’ हे अक्षर होतं आणि खालच्या चार ‘झाड’ या अक्षरासारख्या दिसतात. त्यावरून ‘गवत आणि झाड यांच्या मधे माणूस, म्हणजे चहा’ असं सांगितलं जातं. चहाच्या पुड्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर, लिपी शिकवणाऱ्या चित्रफितींत हेच असतं. ऐकायला गोड आहे, पण चूक आहे. दहारेघीत गवताखाली जे सात रेघांचं अक्षर बसलंय ते स्वतंत्र आणि अखंड आहे: ‘यू’, जुन्या चिनीत ‘मी’. छप्पर त्याचंच. त्यातली एक आडवी रेघ गळाल्यावर जे उरलं त्यात माणूस आणि झाड दिसू लागले. ‘ख’ मध्ये ‘र’ आणि ‘व’ शोधून ‘ख’चा अर्थ लावण्यातलाच हा प्रकार.

तक्त्यावर ही समजूत पूर्ण गाळली तर प्रत्येक दुसरा वाचक तीच विचारणार. एक ओळ द्यायची: ‘प्रचलित समजूत, अक्षराचा इतिहास वेगळा.’

१० जानेवारी

शू शनचा कोश ‘श्वोवन च्येत्स’ (इ.स. १०० च्या सुमारास तयार, १२१ मध्ये दरबारात सादर) पाहिला. त्यात नऊरेघी नाही. दहारेघी आहे, आणि नोंद मोजक्या शब्दांची: कडू वनस्पती, गवत हा अर्थाचा भाग, यू हा ध्वनीचा भाग. म्हणजे चिनीतली बहुसंख्य अक्षरं बनतात त्याच रीतीने हे बनलं: अर्धं अक्षर ‘कशाबद्दल’ ते सांगतं, अर्धं ‘साधारण कसं म्हणायचं’ ते. यात चित्र नाही. ९८६ साली या कोशाची सुधारलेली प्रत निघाली तेव्हा संपादकांनी या नोंदीखाली शेरा घातला: आजचं चहाचं अक्षर ते हेच.

परिणाम तक्त्याच्या आखणीवर. नेहमीच्या साच्यात डावीकडून चार चौकटी असतात: अस्थिलेख, कांस्यलेख, मुद्रालिपी, आजचं रूप. इथे पहिल्या चौकटीत टाकायला काही नाही. शांग काळातल्या हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर ‘यू’ हे एकटं अक्षर सापडतं, तिथे राजा स्वतःला ‘मी’ म्हणतो. चहाचा काही संबंध नाही. इंटरनेटवर ‘चहाचं अस्थिलेखातलं रूप’ म्हणून फिरणारी चित्रं आजच्या रूपावरून मागे रचलेली आहेत. मुद्रालिपीत मात्र दहारेघी आहे, आणि आजही शिक्का कोरणाऱ्याला चहाचं अक्षर हवं असेल तर तो जुन्या नियमाने दहारेघीच कोरतो. त्यामुळे चहाच्या दुकानाच्या लाल शिक्क्यावर एक रेघ जास्त दिसली तर ती कोरणाऱ्याची चूक समजू नये.

साच्याच्या चार चौकटी काढून तीनच ठेवल्या: मुद्रालिपीतलं दहारेघी, छापील दहारेघी, नऊरेघी.

११ जानेवारी

दहारेघीचा उच्चार. पिनयिनमध्ये (चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीत) ते ‘टी-यू’ असं लिहितात आणि आपला वाचक ‘तू’ वाचतो. पिनयिनचा ‘टी’ महाप्राण आहे, म्हणजे आपला ‘थ’. आपल्या ‘त’साठी तिथे ‘डी’ वापरतात. तसंच ‘सीएच’ म्हणजे ‘छ’ (जीभ मागे वळवून), आणि ‘झेडएच’ व ‘जे’ म्हणजे ‘च’च्या जवळचे. तेव्हा नऊरेघी ‘छा’, दहारेघी ‘थू’, दोन्ही चढत्या सुरात. कडू पाल्याला ‘थू’ म्हणावं हा मराठी कानाला विनोद वाटेल, पण योगायोगापलीकडे त्यात काही नाही.

अक्षरांच्या उच्चारांना हा नियम. माणसांची आणि घराण्यांची नावं मराठीत रुळली असतील तशी (तांग, सोंग).

१३ जानेवारी

अर्थाचा भाग सर्वात गुंत्याचा. दहारेघीवर जुन्या काळी निदान तीन वनस्पतींचा भार होता.

जुन्या काव्यसंग्रहात, ‘शीचिंग’मध्ये, एक टाकलेली बायको म्हणते: कोण म्हणतं थू कडू? ती तर गोड लागते. आपलं दुःख त्याहून कडू, असा अर्थ. तिथे ती कडू पालेभाजी आहे. त्याच संग्रहात दुसरीकडे वेशीबाहेर जमलेल्या मुली ‘थूसारख्या’ आहेत, म्हणजे गवताला येणाऱ्या पांढऱ्या तुऱ्यांसारख्या. यातलाच दुसरा अर्थ ‘आगीसारखं, थूसारखं’ या आजही चालणाऱ्या वाक्प्रचारात टिकलाय: मुळात लाल आणि पांढऱ्या निशाणांच्या सैन्याचं वर्णन, आता कुठल्याही जोमाने चाललेल्या कामाला. चीनमध्ये शाळकरी मुलं इथे हमखास एक रेघ विसरतात आणि ‘आगीसारखं, चहासारखं’ लिहून बसतात. शुद्धलेखनाच्या धड्यांतलं हे ठरलेलं उदाहरण.

तिसरी वनस्पती चहा. ‘अर्या’ या जुन्या शब्दसंग्रहात एका झाडाचं नाव देऊन ‘कडू थू’ असा अर्थ दिलाय. त्यावर गुओ पू (२७६–३२४) याची टीप पक्की आहे: झाड लहान, हिवाळ्यातही पानं धरणारं, पानं उकळून पेय होतं, लवकर खुडलेल्याला थू म्हणतात, उशिरा खुडलेल्याला मिंग. इथे पालेभाजीची शंकाच उरत नाही.

त्याआधीचा पुरावा इ.स.पू. ५९ चा: सिचुआनमधल्या वांग बाओचा, गुलामाच्या खरेदीचा विनोदी करारनामा. गुलामाने करायच्या कामांच्या लांबलचक यादीत ‘वूयांगला जाऊन थू विकत आणणे’ आहे. भाजी परसात मिळते. बाजारगावी जाऊन विकत आणायची वस्तू ती चहाच असणार, हा नेहमीचा युक्तिवाद, आणि तो पटतो. पेय तर याहून जुनं: शीआनजवळ सम्राट जिंगच्या (मृत्यू इ.स.पू. १४१) समाधीतल्या वाळक्या पानांच्या गठ्ठ्यात चहा असल्याचं २०१६ साली रासायनिक तपासणीने दाखवलं. चहा होता, चहाचं वेगळं अक्षर नव्हतं.

सावधगिरी: वांग बाओच्या पाठाच्या काही संगणकीय प्रतींत थेट नऊरेघी टंकलेलं आहे. आधुनिक संपादकाने सोयीसाठी बदललेलं. असली प्रत समोर ठेवून ‘इ.स.पू. ५९ मध्ये चहाचं अक्षर सापडतं’ असं लिहिणारे पुष्कळ आहेत. तक्त्यावरच्या अवतरणात दहारेघीच जाईल.

१८ जानेवारी

उच्चार. जर ‘यू’ हा ध्वनीचा भाग, तर त्यातून ‘थू’ आणि ‘छा’ कसे निघाले? हा प्रश्न सोडवल्याशिवाय तक्त्याची उगमाची चौकट खोटी ठरेल.

‘यू’चा गोतावळा पाहिला. हाच सात रेघांचा तुकडा ‘वाट’ या अर्थाच्या अक्षरात ‘थू’ वाचला जातो आणि ‘काढून टाकणे’ या अर्थाच्या अक्षरात ‘छू’. म्हणजे य, थ, छ ही त्रयी या कुटुंबात वारंवार येते. चहापुरता अपवाद नाही. बॅक्स्टर आणि सगार या भाषाशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये केलेल्या जुन्या चिनी उच्चारांच्या पुनर्रचनेत तिन्हींच्या मुळाशी ‘ल’ आहे: साधा ‘ला’ झाला ‘यू’, घशातून दाबून काढलेला ‘ला’ झाला ‘थू’, आणि त्याच ‘ल’ला मागे ‘र’ चिकटला, ‘ल्रा’, तेव्हा जीभ वळली आणि तो ‘ड’कडे गेला. ल आणि ड यांची ये-जा आपल्याला नवी नाही; षोडशचं सोळा झालं ते याच्या उलट्या वाटेने, ड चा ळ होऊन.

म्हणजे कडू पाला ‘थू’ आणि चहा ‘छा’ हे एकाच शब्दाचे जवळचे भाऊ. एक अक्षर दोघांना पुरत होतं. चहा घरोघरी गेल्यावर पुरेना.

२१ जानेवारी

‘ड’ खरंच होता का? यासाठी चिनी कोशांतली जुनी युक्ती: दोन अक्षरं द्यायची, पहिल्याचं व्यंजन घ्यायचं, दुसऱ्याचा स्वर. (आपल्याकडे ‘कमळातला क, आईतला आ’ म्हणावं तसं.) हुनानमधल्या एका परगण्याचं नाव हान घराण्याच्या इतिहासात दहारेघीने लिहिलंय. त्यावर यान शिगू (५८१–६४५) या भाष्यकाराने दोन उच्चार दिलेत. त्यातल्या एकाचं पहिलं अक्षर त्या काळी ‘ड’ने सुरू होणारं, दुसरं ‘आ’च्या जवळच्या स्वराचं. जमवलं की ‘डा’. तो परगणा आज छालिंग, नऊरेघीनेच लिहितात. म्हणजे रेघ गळायच्या आधी, दहारेघी कायम असताना, तिला चहाचा वेगळा उच्चार मिळाला होता.

दुसरा साक्षीदार भारतातून गेलेला. शुभाकरसिंह (६३७–७३५) आणि चिनी भिक्षू यी शिंग यांनी ७२४–७२५ मध्ये महावैरोचन सूत्राचं, एका बौद्ध ग्रंथाचं, चिनी भाषांतर केलं. त्यात ‘मंडल’ हा शब्द तीन अक्षरांनी ध्वनीवरून लिहिलाय आणि मधलं, ‘ड’चं, अक्षर दहारेघी आहे. डाकिनीतल्या ‘डा’लाही तेच. त्या सूत्रातल्या वर्णमालेत तेच अक्षर ‘ढ’लाही लावलंय, कारण चिनीत ड-ढ असा भेद नव्हता. नालंदेच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला मूर्धन्य ध्वनी कशाला म्हणतात हे सांगावं लागत नव्हतं. त्याच्यासमोर चिनी सहकाऱ्याने हे अक्षर उच्चारलं आणि ते ‘ड’च्या जागी चाललं. इंग्रजी टिपणांत या ध्वनीसाठी खाली टिंब दिलेले रोमन ‘डी’ वापरावे लागतात. मराठीत नुसतं ‘ड’ लिहिलं की काम झालं. तक्ता मराठीत करण्याचा हा सरळ फायदा आहे.

यावरून आजचे उच्चार सुटतात. मँडरिनमध्ये समसुरातले (सपाट सुरातले) घोष ध्वनी (ड, ब असे) अघोष महाप्राण झाले आणि घोषाची खूण म्हणून सूर चढता राहिला: डा, मग छा, चढत्या सुरात. फूच्येनच्या किनाऱ्यावरच्या होक्क्येन बोलीत जीभ वळलीच नाही: तिथे ‘ते’.

२५ जानेवारी

रेघ कधी गळाली? यावर सतराव्या शतकातल्या गू यानवू (१६१३–१६८२) या पंडिताचं निरीक्षण अजून सगळे वापरतात. तायशान डोंगरावरच्या तांगकालीन (६१८–९०७) कोरीव नोंदी त्याने वाचल्या: ७७९ ची आणि ७९८ ची, दोन्हींत चहाच्या संदर्भात दहारेघी. मग ८४१ चा श्वानमी पॅगोड्याचा शिलालेख (हस्ताक्षर लियू गोंगच्वानचं) आणि ८५५ चा गुइफंग आचार्यांचा शिलालेख (हस्ताक्षर पेइ शियूचं): दोन्हींत एक रेघ कमी. निष्कर्ष: बदल तांग काळाच्या मध्यानंतर.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. नंतरच्या दोन्ही शिळांवर ते अक्षर चहासाठी नाहीच. तिथला शब्द आहे ‘थू-फी’, दहन. तो पालीतल्या ‘झापेति’ (जाळतो) या क्रियापदाशी जोडला जातो. श्वानमी शिळेवर मजकूर असा की आचार्यांनी दहनाची आज्ञा ठेवली आणि तीनशेहून अधिक अस्थिकण मिळाले. अस्थिकणांसाठीचा चिनी शब्दही आपल्या ‘शरीर’चाच. म्हणजे नवव्या शतकात रेघ गळत होती ती चहातून तर गळतच होती, पण जिथे ती आज सक्तीने हवी तिथूनही. ‘चहासाठी नऊ, बाकी सगळ्याला दहा’ ही वाटणी पुढे पक्की झाली. आज दहन आणि मंडल दोन्ही दहारेघीने लिहितात. तक्त्यावर ‘चहासाठी मुद्दाम नवं अक्षर बनवलं’ हे वाक्य होतं, ते खोडलं. ‘एक रेघ गळालेलं रूप चहाच्या वाट्याला आलं’ हे बरोबर.

दोन्ही शिळा आजही पाहता येतात: पहिली शीआनच्या शिलालेख-संग्रहालयात, दुसरी त्याच शहराच्या नैर्ऋत्येला त्साओथांग विहारात, जिथे कुमारजीवाने भाषांतरं केली.

ठसा (शिळेवर कागद दाबून शाईने घेतलेली प्रत) वाचतानाची खबरदारी: ठशात दगड काळा आणि कोरलेली रेघ पांढरी येते. दगडाची चीरही पांढरीच येते. छपराखालची ‘दुसरी आडवी’ मोजताना ती चीर नाही ना हे पाहावं. कोरलेल्या रेघेला कुंचल्याचं डोकं आणि शेपूट असतं, डावं टोक तिरपं आणि उजवं किंचित फुगीर. चीर शेजारच्या रेघांना आणि मोकळ्या जागेलाही कापत पुढे जाते. ६०० डीपीआयखालच्या चित्रावर हा निर्णय घेऊ नये, तिथे दोन्ही सारख्याच दिसतात.

२ फेब्रुवारी

लू यू (७३३–८०४) आणि त्याचा चहावरचा ग्रंथ ‘छाचिंग’. ‘लू यूने हे अक्षर शोधलं’ हे सगळीकडे वाचायला मिळतं. त्याच्याच पहिल्या प्रकरणात लिहिलंय की हे अक्षर कुणी गवताच्या चिन्हाने लिहितात, कुणी झाडाच्या, कुणी दोन्हींच्या. आणि टिपेत म्हटलंय की गवतवालं रूप कायुआन काळातल्या (७१३–७४१) कोशातलं. म्हणजे अक्षर त्याच्या आधीचं आणि ते तो स्वतःच सांगतो. त्याच्या ग्रंथाने ते रुळवलं, इतकं श्रेय पुरे. सोंग काळातल्या १००८ च्या ‘ग्वांगयुन’ कोशातही नऊरेघीवर ‘लोकांतलं रूप’ असाच शेरा आहे. पंडितांना पटायला वेळ लागला.

लू यू चहाची पाच नावं देतो. आमच्या लिप्यंतरात ती: छा, च्या, श, मिंग, छ्वान. दुसरं नाव पाहून खेड्यातल्या ‘च्या’ची आठवण येणारच. संबंध नाही; ते वेगळ्याच झाडाचं जुनं नाव चहाला लावलेलं आहे आणि चीनबाहेर गेलेलं नाही. तक्त्यावर पाच नावं देऊ नयेत, हेच वाक्य लोक घरी घेऊन जातील.

६ फेब्रुवारी

रेखाटन. १८० मिमीचा चौरस, आत उभी-आडवी आणि दोन कर्णरेषा. माथ्यावरचं गवत वरच्या ४५ मिमीत, रुंदी ८५. छपराची टोकं मात्र पूर्ण रुंदीला नेली, १६० मिमी. खालचा भाग ८० मिमीपेक्षा रुंद झाला की अक्षर बसकं दिसतं. तिसऱ्या कच्च्या चित्रात नेमकं तेच झालंय.

रेघांचा क्रम: आडवी, डावी उभी, उजवी उभी, डावं छप्पर, उजवं छप्पर, आडवी, उभी, डावी उतरती, उजवं टिंब.

शेवटचं टिंब का, पूर्ण उतरती रेघ का नाही? ‘झाड’ एकटं लिहिताना उजवीकडे लांब, जाड होत जाणारी रेघ असते. पण एका अक्षरात अशी जाड शेपटी एकच शोभते आणि इथे ती छपराने घेतली आहे. म्हणून खालची आखडून टिंब होते आणि डावीही सुटी पडते. नवखा माणूस खाली अख्खं झाड काढतो; दोन शेपट्या एकमेकींशी भांडतात. ‘माणूस आणि झाड’ ही समजूत डोक्यात असली की हात नेमका तिकडेच जातो.

खालच्या उभ्या रेघेला तळाशी हूक काही साच्यांत असतो, काहींत नसतो. आम्ही बिनहूक ठेवला.

९ फेब्रुवारी

फॉन्टचा घोळ, अपेक्षेप्रमाणे. युनिकोडमध्ये चीन, तैवान, जपान यांना या अक्षराचा क्रमांक एकच, पण घडण वेगळी. तैवानच्या प्रमाण रूपात गवताची आडवी रेघ मधे तुटते, दोन छोटे क्रॉस शेजारी ठेवल्यासारखे, आणि ती चार रेघांची मोजतात. म्हणजे तिथल्या हिशेबाने नऊरेघीच दहा रेघांचं आणि दहारेघी अकराचं! कांगशी कोशात (१७१६) गवत सहा रेघांचं धरतात. तिथे शोधायचं तर आधी १४० वं मूळचिन्ह (कोशात अक्षरं ज्याखाली लावतात तो भाग, इथे गवत), मग उरलेल्या रेघा: चहाला सहा, थूला सात. हा आकडा कुठल्याही देशात बदलत नाही, म्हणून तक्त्यावर रेघांच्या संख्येपुढे ‘चीन आणि जपानच्या मोजणीने’ असं लिहिलं.

नोटो सेरिफ घेतला. फाइलला भाषेची खूण दिली नाही तर संगणक आपल्या मर्जीने जपानी किंवा चिनी घडण उचलतो. खूण सरलीकृत चिनीची दिली, आणि मोठं अक्षर मजकूर न ठेवता रेखाकृतीत बदललं, म्हणजे छापखान्यात फॉन्ट बदलायचा प्रश्न उरत नाही. खालची लहान अक्षरं मजकूरच राहिली आहेत; त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं.

१४ फेब्रुवारी

तळाची उच्चारपट्टी. मुळाशी ‘डा’, तिथून दोन फाटे. एक फूच्येनचा ‘ते’. डच व्यापाऱ्यांनी तो नेला, आणि इंग्रजीतला टी आधी ‘टे’ असा उच्चारला जाई तो त्यामुळेच. दुसरा ‘छा’चा. तो खुष्कीने मध्य आशिया, इराण करत ‘चाय’ झाला, शेवटी य घेऊन. समुद्रमार्गे तो मकावहून (पोर्तुगीज वस्ती १५५७ पासून) पोर्तुगीजांकडे गेला. पोर्तुगीजमध्ये आज ‘शा’ म्हणतात, पण त्या काळी त्यांचा हा ध्वनी ‘च’ होता.

मराठी ‘चहा’त य नाही, गुजराती ‘चा’तही नाही, दोन्ही समुद्रकाठच्या पंगतीत बसतात. आणखी एक खूण: चिनी ध्वनी स्पष्ट महाप्राण आहे. मराठी कानाने तो थेट चिनी माणसाकडून ऐकला असता तर ‘छ’ धरला असता. ‘च’ आहे, म्हणजे मधे महाप्राण न उच्चारणारं कुणीतरी असणार, आणि १५१० पासून गोव्यात पोर्तुगीज होतेच. पट्टीवर ‘चहा’ पोर्तुगीज फाट्याशी तुटक रेषेने जोडला. पूर्ण रेषेइतका पुरावा हा नव्हे.

१५ फेब्रुवारी

कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत एक खेळ बसतो. जपानमध्ये १०८ व्या वाढदिवसाला ‘चहाचं आयुष्य’ म्हणतात. गवताचं चिन्ह म्हणजे दहा आणि दहा, वीस. छप्पर म्हणजे आठ, खाली दहा आणि पुन्हा आठ: वाचायचं ‘अठ्ठ्याऐंशी’. वीस आणि अठ्ठ्याऐंशी, एकशे आठ. जपमाळेच्या देशात हे आवडणार. वर ‘अक्षरखेळ’ असा शिक्का हवा, नाहीतर उद्या हीच व्युत्पत्ती होईल. आणि हा खेळ नऊरेघीतच जमतो. दहावी रेघ आली की हिशेब मोडतो.

१९ फेब्रुवारी

छपाईपूर्व प्रत तपासली. ९ पॉइंटाला दोन्ही अक्षरं डोळ्याने ओळखू येत नाहीत, तेव्हा फाइलमधले बाइट मोजले. नऊरेघी ई८ ८सी बी६, दहारेघी ई८ ८डी बीसी. हवे होते: लहान अक्षरांत नऊरेघी तीनदा, दहारेघी पाचदा. मिळाले चार आणि चार.

चूक वांग बाओच्या अवतरणात. ती ओळ दुरुस्तीत पुन्हा टंकली गेली होती. पिनयिन कळफलकावर ‘छा’ टंकलं की नऊरेघी पहिलंच येतं. दहारेघी हवं तर ‘थू’ टंकून यादीत बरंच खाली जावं लागतं. चहाचा मजकूर टंकणाऱ्याचा हात ‘छा’वरच जातो, आणि इ.स.पू. ५९ च्या ओळीत आठशे वर्षांनंतरचं अक्षर बसतं. दुरुस्त केलं, पुन्हा मोजलं: तीन, पाच. लहान अक्षरंही आता रेखाकृतीत बदलली. फाइल छापायला दिली, २०० जीएसएमच्या मॅट कागदावर.